छातीवरचा दोरा

उत्तरा गावंडे आमच्या पुसदकडची. तिचं माहेर पूस नदीच्या काठाला. तिची आई वाकळ शिवायची ती अशी, की टाके मोजायला बसलेला माणूस कंटाळून उठून जावा, पण वाकडा टाका सापडू नये. आईचा तो हात लेकीला आला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं हातावरच येणार आहे.

१९८४ साली उत्तरा अमेरिकेत होती, मिशिगनमधल्या ट्रॉयला. नवरा एकनाथराव मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. मुलगी लतिका तेरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. घरापुढे हिरवळ, मागे मेपलचं झाड. एकनाथरावांच्या पगारात सगळं भागत होतं, पण दिवसाचं रिकामं घर उत्तराला खायला उठायचं. म्हणून ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ऑल्टरेशनचं काम करायची. पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या, अस्तरं लावायची. रस्त्याकडच्या मोठ्या काचेजवळ तिचं मशीन होतं.

घर का खायला उठायचं, ते ट्रॉयमध्ये दोघांनाच माहीत होतं. लतिकाच्या आधी एक लता होती.

१९६९ साली उत्तरा अमेरिकेला निघाली तेव्हा लता दीड वर्षाची होती. एकनाथरावांची नोकरी नवी, राहायला एक खोली, आणि तिथली थंडी म्हणजे नळाचं पाणी गोठवणारी. आई म्हणाली, "पोरीला राहू दे माझ्यापाशी. घरबीर लागलं की घेऊन जा. दोन-चार महिन्यांचीच तर गोष्ट."

चौथ्या महिन्यात लता तापाने गेली. पत्र पोचायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत उत्तराने तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवले होते. दुसऱ्याची खालची पट्टी अर्धी व्हायची होती, तेव्हा पोस्टमन आला.

पुढे लतिका झाली. नावात लता ठेवली, पण लतिकाला कधी सांगितलं नाही. सांगायचं कसं, हेच दोघांना कळलं नाही, आणि न सांगता वर्षं गेली.

ऑक्टोबरातली दुपार होती. दुकानाच्या दारावरची घंटी वाजली आणि पस्तिशीतला एक माणूस आत आला. मागून एक बुटकी म्हातारी. तिने एक झगा छातीशी असा धरला होता, जसं कुणी लेकरू धरावं.

"माझी आई," तो माणूस म्हणाला. त्याचं नाव हेन्री ली. "ड्रेसच्या अस्तराला कसर लागलीय. तुम्ही रिपेअर कराल? पण ती तो हातातून सोडत नाही."

उत्तराने मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि हात पुढे केले. म्हातारीने तिच्या हातांकडे पाहिलं, बोटांच्या टोकांवरचे सुईचे बारीक व्रण पाहिले, आणि झगा दिला. बाह्या अशा होत्या, की उत्तराने असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. कापडाचे रंगीत पट्टे एकावर एक, कड्यांसारखे, बाहीभर. म्हातारी एकेका पट्ट्यावर बोट ठेवून खुणांनी सांगू लागली. काळा, म्हणून जमिनीकडे बोट. हिरवा, म्हणून हातानेच गवत हलवून दाखवलं. पिवळा, म्हणजे पीक. निळ्याला वर पाहिलं. तांबड्याला काचेतून आत आलेल्या उन्हात तळहात धरला.

"चायनीज?" उत्तराने विचारलं.

"नो चायनीज!" म्हातारीने छातीवर पंजा आपटला. "मी तू."

उत्तराच्या हातातून झगा सुटायचा तेवढा राहिला. सहा वर्षांत त्या दुकानात कुणी मराठीचं एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

"काय म्हणालात?" ती मराठीतच बोलून गेली.

"मी तू," म्हातारीने पुन्हा सांगितलं. मग तेच बोट उत्तराकडे वळवलं. "यू?"

हेन्री हसला. "आमच्या लोकांचं नाव तू. चीनच्या पश्चिमेला डोंगरात राहतो आम्ही. थोडेच आहोत. आईला इंग्लिश येत नाही, 'आय'च्या जागी ती इंग्रजीतलंच 'मी' म्हणते."

उत्तराने मान हलवली. पण तो दिवसभर तिच्या अंगावरचा काटा गेला नाही. नकाशात कुठे आहे हेही ठाऊक नसलेल्या मुलखातली म्हातारी येते, आणि आपल्याच भाषेत आपल्याला सांगते, मी तू.

दिवाळीच्या कार्यक्रमात तिने हे महाराष्ट्र मंडळाच्या बायकांना सांगितलं. मृणालिनी काकू म्हणजे मंडळाची जीभ. त्या म्हणाल्या, "अगं, मग तू काय म्हणालीस? 'तू मी' म्हणायचंस! दोघींचं तिथंच लग्न लागलं असतं." सगळ्या हसल्या. उत्तराही हसली. पण तिने पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

म्हातारीचं नाव लामूसो. ती दर गुरुवारी दुकानात यायला लागली. हेन्री ऑफिसला जाताना सोडायचा, येताना घेऊन जायचा. उत्तरा तिला मावशी म्हणू लागली, आणि लामूसोने तो शब्द अर्थ न विचारता आपलासा केला. दोघींमध्ये चालणारी इंग्रजी पन्नास शब्दांची असेल. बाकी सगळं सुईने, बोटांनी, मानेने. तिची कहाणी उत्तराला हेन्रीकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. नवरा साम्यवाद्यांशी लढणाऱ्या सैन्यात होता. १९४९ साली सैन्य हरलं आणि तो पळून तैवानला निघाला. लामूसो त्याच्याबरोबर गेली. वर्षाची लेक दंजिसो आजीजवळ ठेवली. एक-दोन महिन्यांची गोष्ट, असं म्हणून. मग वाटच बंद झाली. हेन्री तैवानात जन्मला, शिकला, अमेरिकेत आला, बाप मेल्यावर आईला घेऊन आला. पस्तीस वर्षं लामूसोने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

एका गुरुवारी लामूसोने उत्तराला विचारलं, "डॉटर? वन?"

उत्तराने दोन बोटं वर केली. मग एक मिटलं.

लामूसोने ते मिटलेलं बोट आपल्या मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ काढायची गाडी घरघरत होती. ट्रॉयमध्ये लताच्या दुखवट्याला कुणी बसलं असेल, तर त्या दिवशी ती म्हातारी बसली.

१९८५च्या उन्हाळ्यात हेन्रीला चीनमधून पत्र आलं. त्याने बहिणीचा पत्ता शोधून पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर. दंजिसो जिवंत होती, सदतीस वर्षांची, लेकरंबाळं असलेली. पण उत्तर कोरडं होतं. हेन्रीने ते दुकानात वाचून दाखवलं:

'परदेशातून, आम्ही तुमचे नातेवाईक म्हणत, पत्रं इथे पुष्कळांना येतात. खरं-खोटं मला कळत नाही. माझी आई मला सोडून गेली, एवढं मला माहीत आहे. तिने माझ्यासाठी भरलेली एक गळपट्टी माझ्याजवळ आहे. लग्नात मुलीच्या कमरेला आईच्या हातचा पट्टा असतो, माझ्या कमरेला शेजारणीचा होता. तुम्ही माझी आई असाल तर आपल्या हाताने भरलेला पट्टा पाठवा. मी गळपट्टीशी लावून पाहीन. हात खोटं बोलत नाही.'

लामूसोने त्याच दिवशी हेन्रीला काळं कापड आणि रेशीम आणायला लावलं.

तिचं भरणं असं होतं. कापडाचे थर खळीने चिकटवून जाड करायचे. दोरे दोन, एकाच रंगाचे. एक दोरा छातीवर, उजव्या बाजूला टाचणीने टांगायचा. दुसरा सुईत ओवायचा. छातीवरच्या दोऱ्याचं सुईभोवती वेटोळं घ्यायचं, बाजरीच्या दाण्याएवढं, आणि सुईतल्या दोऱ्याने ते खाली बांधून टाकायचं. मग पुढचं. अशी वेटोळ्याला वेटोळं लावत फुलं भरायची. वर दिसतो तो छातीवरचा दोरा. सुईतला दोरा खाली राहून सगळं धरून ठेवतो, तो कुणाला दिसत नाही.

पण लामूसोचं वय सत्तरीच्या घरात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून ती मान डावीकडे कलती करून पाहायची. आणि हात थरथरायचे. वेटोळी लहान-मोठी व्हायची. ती उसवायची, पुन्हा घ्यायची. उत्तराने एकदा मदतीला हात पुढे केला, तर तिने तो हातावर चापट मारूनच बाजूला केला. पट्ट्याला दुसऱ्याचा हात लागायचा नव्हता. मात्र शेजारी एक चिंधी ठेवून तिने उत्तराला शिकवायला सुरुवात केली. चुकलं की "नो, नो" म्हणून बोटावर टिचकी. दीड वर्षात उत्तराच्या चिंधीवरची वेटोळी सारखी येऊ लागली. लामूसो ती चिंधी उजेडात धरून पाहायची आणि काहीच बोलायची नाही. एकदा मात्र तिचे डोळे भरून आले. कशाने, ते उत्तराला तेव्हा कळलं नाही.

१९८७च्या जानेवारीत लामूसोला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्येही पट्टा तिच्या पांघरुणावर होता. दोन हिस्से भरून झाले होते, तिसरा राहिला होता. एका निळ्या फुलाच्या मधोमध ती थांबली होती. तिच्या आईने तिला बजावलं होतं, की अर्ध्या कामात छातीवरचा दोरा तोडायचा नाही, तोडला तर काम वाट चुकतं.

उत्तरा दुपारी गेली तेव्हा लामूसोने तिला जवळ वाकायला सांगितलं. आपल्या गाऊनवरची टाचणी काढली आणि दोरा न तोडता ती उत्तराच्या स्वेटरला लावली.

"मी तू," ती म्हणाली.

या वेळी ते तिच्या लोकांचं नाव होतं, की मराठी होतं, हे उत्तराला आजही सांगता येत नाही. ती हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडली ती घडी घातलेला पट्टा हातात आणि दोरा छातीवर घेऊनच. तिसऱ्या दिवशी लामूसो गेली.

अंत्यविधी आटोपल्यावर हेन्री म्हणाला, "राहू द्या आता. बहीण तो गळपट्टीशी लावून पाहणार आहे. दुसरा हात दिसला तर म्हणेल, खोटारडे. इतकी वर्षं मनात धरलेला राग पक्का होईल."

"तुमच्या आईने दोरा माझ्या छातीला लावलाय," उत्तरा म्हणाली. "तो मी तोडू कसा?"

ती दुपारी तीनच्या सुमाराला, बर्फाचा पांढरा उजेड खोलीत यायचा तेव्हा, खिडकीशी बसायची. पहिले काही दिवस हात घाबरला होता. मग एक दिवस घाबरेनासा झाला. मनात यायच्या आधी सुई वळायची. छातीवरचा दोरा हलकेच ओढला जायचा, लहान मूल पदर ओढतं तसा, आणि ती खाली पाहायची तर तिथे कुणी नसायचं.

"मॉम, तू मान अशी का धरतेस?" लतिकाने विचारलं. ती आता पंधरा-सोळाची होती.

"कशी?"

"लाइक दॅट ओल्ड लेडी. तिरकी. आणि तू हम करतेयस."

"मी कुठे गुणगुणतेय?"

"यू आर, मॉम. रोज. इट्स क्रीपी."

उत्तराचे डोळे चांगले होते, तिला मान कलती करायचं काही कारण नव्हतं. आणि ते गाणं कुठलं, हे तिला लतिकाने गुणगुणून दाखवल्यावरही ओळखू आलं नाही.

एक दिवस एकनाथराव चहाचा घोट घेऊन थांबले. "मिशिगनातली साखर संपली का गं?"

तिने चहात मीठ घातलं होतं. लामूसो घालायची तसं.

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

एकनाथरावांनी कप खाली ठेवला. "उत्तरा, हे पुरे कर. मला भीती वाटते. तू घरात असतेस, पण घरात नसतेस. अशी तू एकदाच झाली होतीस."

कधी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

एप्रिलमध्ये पट्टा पुरा झाला. हेन्रीने तो पाठवला, पण सोबत आई गेल्याचं लिहिलं नाही. म्हणाला, "आधी तिला हात ओळखू दे. मग सावकाश कळवतो." उत्तरा काही बोलली नाही. ही तिची चूक. ती तिने कधी नाकारली नाही.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. हेन्री ते घेऊन दुकानात आला तेव्हा लतिका शाळेच्या सुट्टीमुळे तिथेच काउंटरवर बसली होती. हेन्रीने पत्र उघडलं. त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता.

'हा पट्टा दोन हातांचा आहे. सुरुवातीचा हात मला ओळखीचा नाही. ती वेटोळी कापरी आहेत, कुणा शिकाऊ बाईची असावीत. पण निळ्या फुलाच्या मध्यापासून पुढे माझ्या आईचा हात आहे. मी गळपट्टीशी लावून पाहिला. वेटोळं तेवढंच, वळण तेच, शेवटाला डावीकडे झुकतं तेही तसंच. आई, तू आहेस. मी तुला फार वाईट बोलले, मनातल्या मनात, रोज. पुढचं पत्र हेन्रीला त्याच्या मनाने लिहू देऊ नकोस. तू सांग, तो लिहील. मी तुझ्यासाठी जोडे भरायला घेतले आहेत.'

दुकानात कपड्यांची वाफ भरली होती. उत्तराने स्वतःचे हात पाहिले. लामूसो तरुण असताना जो हात होता, तो म्हातारपणी तिच्यापाशी उरला नव्हता. तो तिने चिंधीवर दीड वर्ष बसून दुसरीच्या बोटांत ठेवला होता. चिंधी पाहून तिचे डोळे का भरले, ते उत्तराला आत्ता कळलं.

"काय बिघडलं?" हेन्री म्हणाला. "तिला आई मिळाली. मी लिहीत राहीन आईच्या नावाने. तुम्ही अधूनमधून थोडं भरून द्या. कुणाचं नुकसान आहे यात?"

आणि खरं सांगायचं, तर क्षणभर उत्तराला ते हवंहवंसं वाटलं. दूर कुठेतरी एक लेक आहे. ती आपल्या हाताला आई म्हणते आहे. लता असती तर आज एकोणीस वर्षांची असती.

मग ती म्हणाली, "ती जोडे कुणासाठी भरतेय, हेन्री?"

"आईसाठी."

"मी अठरा दिवस फ्रॉक शिवत होते." तिचा आवाज चढला नाही. "माझी लेक जमिनीखाली होती, आणि मी तिच्या फ्रॉकला लेस लावत होते. कुणी सांगितलं नव्हतं मला, पत्र वाटेत होतं. ते अठरा दिवस मला अजून सोडत नाहीत. तुम्ही तुमच्या बहिणीला आयुष्यभर तसं बसवणार?"

काउंटरवरून लतिका उठून उभी राहिली होती.

"मॉम? व्हिच डॉटर?"

पंधरा-सोळा वर्षं न सांगितलेली गोष्ट अशी, पँटींच्या आणि हँगरांच्या मध्ये सांगितली गेली. लतिका एरवी निम्मं इंग्रजीतच बोलायची, पण त्या दिवशी निव्वळ मराठीत एवढंच म्हणाली, "तिचं नाव काय होतं?" आणि नाव ऐकल्यावर आपलं नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

उत्तराने समोर बसून हेन्रीकडून पत्र लिहून घेतलं. आई जानेवारीत गेली. कापरी वेटोळी तिची आहेत. हात म्हाताऱ्या वयाने कापत होता. एकेक वेटोळं तिने चार-चारदा उसवून घेतलं. पुढचा भाग माझा. मी तुझी कुणी नाही. तिने मला शिकवलं.

पत्र टाकून ती घरी आली. दुपार होती. तिने चिंधी घेतली, छातीला दोरा लावला आणि बसली. वेटोळं येईना. दोरा सुईवरून निसटायचा, गाठ व्हायची. तास गेला, एक दाणा उमटला नाही. मान सरळ होती. तोंडात गाणं नव्हतं. हात गेला होता, जसा आला होता तसाच, न सांगता.

संध्याकाळी लतिकाने ते फ्रॉक पाहायला मागितले. माळ्यावरच्या ट्रंकेत तळाशी होते. दुसऱ्याची पट्टी अर्धीच होती, आणि सुई अजून कापडातच होती, गंजलेली. उत्तराने ती ओढून काढली. तिथे तांबूस डाग राहिला. मग तिने नवी सुई ओवली आणि राहिलेली पट्टी आपल्या आईच्या हाताने, साध्या तुरपाईने, पुरी केली. लतिका शेजारी बसून होती.

दंजिसोचं उत्तर पुढच्या वसंतात आलं. त्यात फार थोडं होतं.

'तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तो कापरा भाग उसवत होते. तिथे आईच्या हाताशी जुळेल असं भरून घ्यावं, असं मनात होतं. सात वेटोळी उसवून झाली होती. तेवढ्यात पत्र आलं. भरता मलाही येतं. पण तो हात माझा नाही, म्हणून मी ती सात तशीच सोडली आहेत. दोरा तोडला नाही. उन्हात बसते तेव्हा त्याचं टोक छातीला टाचणीने लावते. कधी कधी तो ओढला जातो.'

हेन्रीने वाचून संपवलं. उत्तराचा हात आपसूक स्वेटरच्या उजव्या बाजूला गेला. टाचणीचं भोक तिथे अजून होतं, आणि तिने ते कधी रफू केलं नाही.